किराण्याची बचत आणि घरातल्या बाईचा वेळ

महागाई वाढली की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, 'आता जरा हात आखडता घ्या.' हात नेमका कोठे आखडायचा हे मात्र कोणी सांगत नाही. मग वरण पातळ होते, चहातले दूध कमी होते, मुलांच्या डब्यातली भाजी जाऊन लोणच्याची फोड येते. घरातली बाई चार दुकाने पालथी घालून दोन-पाच रुपये वाचवून आणते आणि या सगळ्याला आपण काटकसर म्हणतो. वरण पातळ करणे ही काटकसर नव्हे, ती पोटाची फसवणूक आहे. आणि चार दुकाने फिरून खरोखर काही वाचते का, हे हिशेब केल्यावाचून सांगता येत नाही. तो हिशेब मांडून पाहावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विषय दिसतो तितका क्षुल्लक नाही. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास करून एक नियम मांडला. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा, असा तो नियम. अर्थशास्त्राच्या पुस्तकात आपण तो पाठ करतो, पण तो आपल्याच घरातला आहे हे ध्यानात येत नाही. आपल्या देशातील सरकारी पाहणीप्रमाणे ग्रामीण कुटुंबाच्या मासिक खर्चात अन्नाचा वाटा १९९९-२००० साली सुमारे ५९ टक्के होता, तो २०२३-२४ साली सुमारे ४७ टक्क्यांवर आला. म्हणजे आजही शंभरातले सत्तेचाळीस रुपये ताटात जातात. ज्याच्या खर्चाचा निम्मा भाग अन्नाचा आहे, त्याने किराण्याचा हिशेब ठेवला नाही तर मग कशाचा ठेवावा?

आमची माजरी

माजरी हे भद्रावती तालुक्यातील कोळशाचे गाव. वर्धा-बल्लारपूर या लोहमार्गावरील जंक्शन, येथूनच वणीकडे जाणारा फाटा फुटतो. देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली पूर्ण झाले, १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी स्थापन झाली, आणि माजरीच्या खाणी तिच्याच अखत्यारीत आहेत. खाणीच्या गावात दोन प्रकारची घरे असतात. एक कायम कामगाराचे, जेथे ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार येतो. दुसरे ठेकेदाराकडच्या मजुराचे, जेथे कामाचे दिवस कमीजास्त होतात आणि पैसा येण्याची तारीखही पुढे-मागे होते. आमचे घर दुसऱ्या प्रकारातले. घरात लिहिता-वाचता येणारी मी पहिलीच, म्हणून किराण्याची वहीही माझ्याकडेच आली. पुढे जे लिहिते आहे ते थोडे पुस्तकातले आहे, पण बरेचसे त्या वहीतले आहे.

आधी वही, मग बचत

तीन महिने नुसते लिहून काढले तरी पुष्कळ उलगडा होतो. वहीत चार रकाने पुरेत : वस्तू, वजन, किंमत आणि किलोचा भाव. यातला चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आपण दुकानात 'पाकीट केवढ्याला?' असे विचारतो, 'किलो काय भावाने पडले?' असे विचारत नाही. व्यापारी मात्र किलोचाच विचार करतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, दोन कंपन्यांच्या गोडेतेलाच्या पिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एक १५० रुपयांना, दुसरी १३५ रुपयांना. हात आपोआप दुसरीकडे जातो. पण पहिलीवर ९१० ग्रॅम लिहिले आहे आणि दुसरीवर ७५० ग्रॅम. हिशेब केला तर पहिले तेल किलोला सुमारे १६५ रुपये पडते आणि दुसरे १८० रुपये. स्वस्त दिसणारी पिशवी किलोमागे पंधरा रुपयांनी महाग निघाली.

असे का होते, त्यालाही कारण आहे. पूर्वी तेल, चहा, बिस्किटे, साबण अशा काही वस्तू ठरावीक वजनाच्या पाकिटातच विकाव्या लागत. २०२१ साली पाकीटबंद मालाच्या नियमांत दुरुस्ती होऊन ते बंधन काढले गेले. त्यामुळे कोणत्याही वजनाचे पाकीट निघू लागले. त्याच दुरुस्तीने ग्राहकाच्या हातात एक साधनही दिले. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ग्रॅमचा आणि जास्त वजनाच्या पाकिटावर किलोचा दर छापावा लागतो. तो अक्षर बारीक करून छापलेला असतो, पण असतो. ग्रॅमच्या दराला हजाराने गुणले की किलोचा भाव मिळतो. एवढा गुणाकार चौथीतल्या पोरालाही येतो.

तेलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तेल तापले की फुगते. सोयाबीनचे एक लिटर तेल २१ अंश सेल्सिअसला मोजले तर ९१९ ग्रॅम भरते, आणि ६० अंशाला मोजले तर सुमारे ८९३ ग्रॅमच. काही कंपन्या जास्त तापमान लिहून लिटर भरत, म्हणून २०२२ साली केंद्र सरकारने त्यांना तापमानाचा उल्लेख काढून वजनासह माप छापण्यास सांगितले. तात्पर्य, तेल घेताना लिटर पाहू नये, ग्रॅम पाहावेत.

पुडी आणि पाकीट

गरिबाचे घर पुडीवर चालते. हातात दहा रुपये असतात म्हणून दहा रुपयांचीच वस्तू येते. समजा, चहाची २५ ग्रॅमची पुडी दहा रुपयांना आहे, म्हणजे किलोला ४०० रुपये. तोच चहा पाव किलोच्या पाकिटात ८० रुपयांना असेल, तर किलोला ३२० रुपये. महिन्याला अर्धा किलो चहा लागणाऱ्या घरात चाळीस रुपयांचा फरक पडला. याचा अर्थ असा की कमी पैसे असणारा माणूस जास्त भाव देतो. ही गोष्ट मला तरी अर्थशास्त्राच्या वर्गात बसल्यावरही पटकन खरी वाटली नव्हती, वहीने ती पटवली.

परंतु मोठे पाकीट नेहमीच स्वस्त, असाही नियम नाही. शांपूच्या बाबतीत कित्येकदा एका रुपयाची पुडीच बाटलीपेक्षा स्वस्त पडते. म्हणून नियम पाठ करण्यापेक्षा किलोचा भाव काढावा.

सुटे घ्यावे की पाकीटबंद, हा प्रश्नही असाच. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य, डाळी व पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला, सुट्या मालावर तो लागला नाही. ज्या दुकानातला माल आपल्या नजरेखालचा आहे तेथे डाळ-तांदूळ सुटे घेणे बरे. तिखट, हळद, तेल या भेसळीच्या वस्तू मात्र खात्रीच्याच घ्याव्यात. तेथे वाचवलेला रुपया दवाखान्यात जातो.

उधारीचे खाते

आमच्या भागात किराण्याचा खरा प्रश्न भावाचा नसून खात्याचा आहे. महिनाभर सामान खात्यावर आणायचे आणि पगार झाला की चुकते करायचे, ही रीत जुनी आहे. दुकानदाराला नावे ठेवण्याचे कारण नाही. घरात आजारपण आले, काम बंद पडले, तर हाच माणूस पोते उघडून देतो, आणि बँक देत नाही. पण खात्यावर घेणाऱ्याची जीभ बांधली जाते. रोख देणारा 'भाव काय?' असे विचारू शकतो, खात्यावर घेणारा विचारत नाही. त्याला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही, आणि लहान पोराला चिठ्ठी देऊन पाठवले तर काय भाव लागला ते महिन्याच्या शेवटीच कळते.

खाते एकदम बंद करता येत नाही, तसा उपदेश करणाऱ्याने आमच्यासारख्या घरात महिनाभर राहून पाहावे. पण एकेक वस्तू खात्यातून बाहेर काढता येते. पहिल्या महिन्यात फक्त तेल रोखीने घ्यावे. त्यात जे चार पैसे वाचतील ते बाजूला ठेवून दुसऱ्या महिन्यात डाळ रोखीने घ्यावी. मग चहा-साखर. आमच्या घरी या रीतीने सहा महिन्यांत तेल, डाळ आणि चहा-साखर खात्यातून निघाले. साबण आणि वरकड सामान अजून खात्यावर आहे, पण आता खाते आमच्या आवाक्यात आहे.

रेशनचे धान्य

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य ठरलेले आहे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळते. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला २५ किलो धान्य म्हणजे महिन्याच्या मोठ्या खर्चाला आधार झाला. तरी पुष्कळ घरांत 'तांदूळ जाडा आहे' म्हणून तो कमी भावात विकतात आणि बाजारातून चढ्या भावाने बारीक तांदूळ आणतात. जाडा तांदूळ निवडून, धुऊन, उडदाची डाळ घालून दळला तर त्याचे आंबोळे होतात, पीठ भाकरीत मिसळता येते. रोजचा भात बारीक हवा असेल तर निदान इतर पदार्थांसाठी तरी रेशनचा वापरावा.

रेशनच्या रांगेत वेळ जातो ही तक्रार खरी. पण 'एक देश, एक शिधापत्रिका' या योजनेमुळे आपल्याच दुकानात अडून राहावे लागत नाही, दुसऱ्या रेशन दुकानातूनही धान्य उचलता येते. ज्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर जे दुकान पडते तेथून घ्यावे.

हंगाम

ज्याच्या हातात हंगामात थोडी रक्कम असते त्याने हंगाम साधावा. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके धानाचे. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवड करून एचएमटी हे तांदळाचे वाण काढले आणि ते देशभर पसरले. २०१८ साली ते वारले. असा तांदूळ पिकवणाऱ्या जिल्ह्यात राहून आपण पाच-पाच किलो घेत बसतो. धान निघाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, नवा तांदूळ घेऊन ठेवावा. नवा भात चिकट होतो, जुना फुलतो आणि पुरतो, म्हणून ठेवलेल्या तांदळाचे नुकसान नाही. तूर आपल्याच वरोरा-भद्रावतीकडे जानेवारी-फेब्रुवारीत निघते. गहू आणि मिरची उन्हाळ्याच्या तोंडी. गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला, डाळीला एरंडेलाचा हात आणि सगळ्याला एक कडक ऊन, एवढे केले की पोरकिडे लागत नाहीत. मात्र वाळवणे, निवडणे यातही दोन दिवस जातात, ते हिशेबात धरावे.

वेळेची किंमत

आता मूळ मुद्दा. बचतीवर बोलणारे सगळे रुपये मोजतात, तास मोजत नाहीत. याचे कारण उघड आहे. तास बाईचे असतात आणि ते फुकट समजले जातात. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असे आढळले की घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला २८९ मिनिटे घालवतात आणि अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. दुकानाच्या खेपा या मिनिटांत येतात.

त्या वेळेला किंमत लावून पाहू. जास्त नको, सर्वांत साधी मजुरी धरू. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागले तर तासाला ३९ रुपये झाले. आता, कधी तेल, कधी हळद, कधी साबण असे करत एखादी बाई महिन्यातून पंचवीस वेळा दुकानात गेली आणि दर खेपेला वीस मिनिटे लागली, तर ५०० मिनिटे, म्हणजे आठ तासांहून अधिक वेळ गेला. त्याची किंमत ३२५ रुपये. महिन्याची यादी एकदा आणि ताजी भाजी, सांभार, मिरच्या आठवडी बाजारातून, असे ठरवले तर यातल्या बहुतेक खेपा वाचतात. हे ३२५ रुपये रोख हातात पडत नाहीत हे खरे. पण आईला दुपारी पाठ टेकायला तास मिळाला, किंवा दुकानात धाडली जाणारी धाकटी बहीण अभ्यासाला बसली, तर ती मिळकत नव्हे काय? चिठ्ठी घेऊन बहुधा मुलीलाच धाडतात, हेही येथे नोंदवून ठेवते.

याच मापाने दूरच्या बाजाराचाही हिशेब करावा. समजा, तालुक्याच्या बाजारात महिन्याचे सामान ६० रुपयांनी स्वस्त मिळते. जाण्यायेण्याचे भाडे ३० रुपये आणि तीन तास, म्हणजे ११७ रुपये. साठ वाचवायला एकशे सत्तेचाळीस घातले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

पाच घरांची एक यादी

पण त्याच बाजारात पाच घरांची यादी घेऊन एकच जण गेला तर? पाच घरांचा माल म्हणजे ठोक भाव लागतो, तेलाचा १५ लिटरचा डबा उघडून घरटी तीन लिटर वाटता येते. समजा, घरटी १२० रुपये वाचले, एकूण ६००. त्यातून भाडे ३०, सामान आणायला ऑटोचे ५० आणि जाणाऱ्याच्या वेळेचे ११७ वजा केले तरी ४०३ रुपये उरतात, घरटी सुमारे ८०. शिवाय चार घरांचा वेळ पूर्ण वाचला. एकट्याने जे तोट्याचे, तेच पाचांनी मिळून फायद्याचे झाले.

हा शोध माझा नाही. इंग्लंडमधील रॉचडेल गावी १८४४ साली विणकर आणि इतर कामगारांनी मिळून पीठ, साखर, लोणी आणि मेणबत्त्यांचे छोटे दुकान काढले. रोख व्यवहार, पुरे वजन, भेसळ नाही, आणि नफा ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत, हे त्यांचे नियम जगभरच्या ग्राहक सहकाराचा पाया ठरले. मुंबईत गिरणगावालगत नायगावला १९४८ साली कामगारांनी सहकारी भांडार सुरू केले, तेच पुढे 'अपना बाजार' म्हणून नावारूपाला आले. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिने दुकानच काढले नाही. शेजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, एकत्र आलेला माल आपणच वाटून घ्यायचा, अशी तिची रीत. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी नेत्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. मोर्चा भाव पाडण्यासाठी होता, संघ भाव साधण्यासाठी. दोन्हींची गरज असते.

आमच्या ओळीतल्या पाच घरांनी हे करायला घेतले तेव्हा तीन नियम केले. पहिला, पैसे आधी, माल मग, कारण शेजाऱ्याची उधारी दुकानदाराच्या उधारीपेक्षा वाईट, त्यात बोलणेच तुटते. दुसरा, वाटणी सर्वांसमोर वजनकाट्यावर. तिसरा, जाण्याची पाळी ठरलेली आणि त्या पाळीतून घरातल्या पुरुषांनाही सूट नाही. तिसऱ्या नियमाला सर्वांत जास्त विरोध झाला, हे वेगळे सांगायला नको. तरी तो टिकला आहे. आता बाबाही तेलाच्या पिशवीवरचे ग्रॅम वाचायला सांगतात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दात कोरून पोट भरत नाही. किराण्यातून महिन्याला दोनशे-तीनशे रुपये वाचले म्हणून ठेकेदारीच्या मजुराचे घर गरिबीतून वर येणार नाही. त्याला पुरेशी आणि वेळेवर मजुरीच लागते, आणि ती मागण्याचे काम वहीने होत नाही. पण वही ठेवणाऱ्या घराला आपल्याला महिन्याला किती लागते हे नेमके ठाऊक असते. मजुरी कमी पडते असे नुसते म्हणणे वेगळे, आणि किती रुपयांनी कमी पडते हे आकड्यात सांगता येणे वेगळे.

वाचक मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कॉलेजात आलेले आपणच पहिले. घरचे विचारतात, शिकून काय मिळते? पदवीला अजून अवकाश आहे, नोकरीचा भरवसा नाही. पण किलोचा भाव काढणे, पाकिटावरचे बारीक अक्षर वाचणे, छापील किमतीपेक्षा जास्त मागितले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणे, एवढे तर आपल्याला आजच येते. येत्या एक तारखेला एक शंभर पानी वही घ्यावी, चार रकाने आखावेत आणि पाचवा रकानाही आखावा : दुकानात कोण गेले आणि किती वेळ लागला. महिन्याअखेरीस तो पाचवा रकाना घरात सर्वांना वाचून दाखवावा.